किचनर-वॉटर्लूमध्ये आपलं स्वागत

मराठी शाळांच्या शिक्षकमित्रांनो,

कॅनडातल्या या जोडगावात रस्त्यानं चालताना किचनर कुठं संपलं आणि वॉटर्लू कुठं लागलं, हे मला तीस वर्षांत उमगलेलं नाही. २०२१ च्या जनगणनेत किचनरची वस्ती २,५६,८८५, वॉटर्लूची १,२१,४३६. ग्रँड नदीकाठची ही जमीन १७८४ मध्ये सिक्स नेशन्स या मूलनिवासी राष्ट्रसंघाला दिलेली. पुढं १८०० च्या सुमारास पेनसिल्व्हेनियाहून मेनोनाइट पंथाचे शेतकरी आले, मागोमाग जर्मन कारागीर. आजच्या किचनरचं नाव पडलं बर्लिन! आजही सेंट जेकब्सच्या बाजारात मेनोनाइटांची घोडागाडी आणि वॉटर्लू विद्यापीठातल्या पोरांची मोटार शेजारी उभी दिसते. १९५७ च्या त्या विद्यापीठामुळंच आपली मंडळी इथं आली. पंजाबी, गुजराती, पोर्तुगीज, सोमाली, सगळे त्या बाजारात एकाच रांगेत कोबी निवडतात.

पण मला सांगायचंय ते एका ब्राँझच्या गृहस्थाबद्दल. व्हिक्टोरिया पार्कात १८९७ मध्ये कैसर विल्हेल्म पहिला याचा अर्धपुतळा बसवला. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनीशी युद्ध सुरू झाल्यावर पोरांनी तो तळ्यात ढकलला. बाहेर काढून जर्मन क्लबात ठेवला, तर १९१६ मध्ये सैनिकांनी तिथूनही पळवला. त्यानंतर पत्ता नाही. त्याच वर्षी बर्लिन हे नाव बदलायचं ठरलं, अवघ्या ८१ मतांनी. नवं नाव निवडताना किचनरला ३४६ मतं, ब्रॉकला ३३५. हा किचनर म्हणजे कर्झनशी भांडलेला आपल्याकडचा सरसेनापती! सहा मतं इकडची तिकडं झाली असती तर आज तुमच्या बिल्ल्यावर 'ब्रॉक' छापलं असतं. जर्मन घरांतली मुलं तेव्हा रस्त्यावर जर्मन बोलायला कचरू लागली. मराठी शाळेशी याचा संबंध आहे, असं माझं म्हणणं; सौ. म्हणते, ओढूनताणून आहे.

आता माफी. वसतिगृहातले पलंग अरुंद आहेत. काल रात्री माईक दोनदा बंद पडला. चहात आलं कमी होतं, हे मलाही कळलं. सभागृह एका जर्मन क्लबानं निम्म्या भाड्यात दिलं, श्रीखंडाचा खर्च आपल्या दंतवैद्य भगिनीनं उचलला, पोळ्या बारा घरांतून आल्या. या सर्वांचे आभार. आणि हो, दुपारी घोडागाडी दिसली तर फोटोपूर्वी विचारा. जेवण साडेबाराला, डावीकडच्या दारानं.