वाढत्या अंगाचे माप

श्रोतेहो, आज ज्या विषयावर मी बोलणार आहे तो आपल्याकडे चार माणसांत कुणी काढत नाही. विषय आहे आतल्या कपड्याचा. गावाकडे ज्याला बॉडी म्हणतात आणि दुकानात ब्रा म्हणतात, त्याचा. जन्माच्या वेळी ज्यांची नोंद मुलगा म्हणून झाली पण ज्या स्त्री म्हणून जगतात, अशा पारलिंगी स्त्रियांनी उपचारांच्या काळात हा कपडा कसा निवडावा, एवढेच मला सांगायचे आहे. प्राणिशास्त्राच्या मास्तराने या भानगडीत का पडावे, असे कुणी विचारील. सांगतो.

माझी एक विद्यार्थिनी होती. हजेरीपटावर तेव्हा मुलाचे नाव होते. पदवीनंतर दोन वर्षांनी ती भेटायला आली ती खांदे पुढे पाडून, छाती आत ओढून. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिचे संप्रेरकांचे उपचार चालू होते. आठवा महिना होता. भर मे महिन्यात अंगात दोन घट्ट बनियन आणि वरून सदरा. म्हणाली, "सर, एस.टी.चा धक्का बसला तरी डोळ्यांत पाणी येतं. तालुक्याच्या दुकानात दोनदा गेले आणि दोन्ही वेळा रुमाल घेऊन परत आले." हे रुमाल घेऊन परत येणे माझ्या मनातून जाईना.

आता शरीरात काय घडते ते पाहू. वयात येणाऱ्या मुलीचे जसे होते, तसेच इथे होते, फक्त उशिरा. उपचार सुरू झाल्यावर साधारण ३ ते ६ महिन्यांत स्तनाग्राखाली बोराच्या आठळीएवढी हुळहुळी गाठ लागते. मग वाढ सावकाश होत राहते आणि पुरी व्हायला दोन-तीन वर्षे, कधी त्याहून जास्त काळ लागतो. एक बाजू पुढे, एक मागे, हेही नेहमीचे. ब्रा घातल्याने वाढ होत नाही आणि न घातल्याने थांबत नाही. बाजारातली मलमे आणि मालिश यांवर पैसे घालवू नका. लवकर वाढावे म्हणून औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणून खाणे तर फार धोक्याचे; पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. न दुखणारी टणक गाठ लागली किंवा स्तनाग्रातून रक्त आले, तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

पहिल्या महिन्यांत तारेची ब्रा नको. मऊ सुती, ताणणारी, कडक कप नसलेली घ्यावी. मुलींसाठी मिळते ती सुती स्लिप किंवा खेळताना घालतात तसली ब्रा चालते. घरच्या किंवा गावच्या भीतीने छाती लपवावी लागत असेल, तर कापड आवळून बांधू नका. बरगड्या दुखतात, श्वास अपुरा पडतो, कातडी सोलवटते. मऊ ब्रा आणि वर ढगळ सदरा पुरतो.

मग माप. शिंप्याकडे असते तसली कापडी टेप घ्या. दार लावून आरशासमोर उभे राहा. पहिले माप स्तनांच्या लगेच खाली, बरगड्यांभोवती, श्वास सोडून. दुसरे माप सर्वांत उभाराच्या जागी, टेप न आवळता. सरळ हिशेबात दोहोंत एक इंच फरक असला तर कप ए, दोन इंचांना बी, तीन इंचांना सी. खाली ३६ आणि वर ३८ भरले तर ३६ बी. पण आपल्याकडे कंपनीकंपनीची रीत निराळी असते. कुणी खालचे माप तसेच छापतात, तर कुणी त्यात चार-पाच इंच मिळवून आकडा देतात. म्हणून दोन्ही मापे चिठ्ठीवर लिहून न्या आणि खोक्यावरच्या तक्त्याशी ताडून पाहा. चिठ्ठीचा आणखी एक फायदा, बरं का: ती नुसती पुढे केली की बोलावे लागत नाही. दुकानदारांनाही सांगतो, चिठ्ठी आली की खोकी काढून द्यावीत. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहत बसू नये.

खरी अडचण पुढेच आहे. बरगड्यांचा पिंजरा रुंद आणि वाढ अजून थोडी, म्हणून ३८ ए किंवा ४० ए असे माप निघते, आणि ते बहुतेक दुकानांत ठेवलेले नसते. त्यावर युक्ती अशी: ३८ ए आणि ३६ बी यांच्या कपांत जवळजवळ सारखेच मावते. तेव्हा ३६ बी घ्यावी आणि पाठीमागे हुकांची जोडपट्टी लावावी. ती वेगळी विकत मिळते. नाही मिळाली तर जुन्या ब्राचे हुक कापून शिंपी पाच मिनिटांत करून देतो.

घालून पाहताना फळ्यावर लिहितो तसे दोन्ही हात वर करा. पट्टा छातीवर चढला, तर माप चुकले. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, जास्त नकोत. नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर नीट बसली पाहिजे, कारण धुऊन धुऊन ती सैल होतेच. दोन्ही बाजू सारख्या नसल्या तर मोठ्या बाजूचे माप धरावे आणि दुसरीकडे मऊ सुती घडी ठेवावी.

आई वाढत्या मुलाचा सदरा दोन बोटे जास्तच शिवते. पुढल्या दिवाळीला होईल म्हणते. हा हिशेब इथे लावू नका. रिकामा कप दुमडतो आणि हुळहुळ्या जागी घासतो. आज जे अंग आहे त्याचेच माप घ्या. एका वेळी दोनच घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा टेप काढा.

शिक्षक मित्रांनो, तुमच्याशी एक निराळी गोष्ट. तेरा-चौदा वर्षांच्या पुष्कळ मुलांच्या छातीला काही काळ सूज येते आणि ती बहुधा वर्षा-दोन वर्षांत आपोआप ओसरते. ती या विषयातली नव्हे. पण तो मुलगा शर्ट काढायला लाजत असेल, तर कवायतीला तसाच उभा राहू द्या.

शेवटी धुण्याचे. आपल्या घरांत हा कपडा साडीखाली नाही तर मोरीच्या कोपऱ्यात लपवून वाळत घालतात. तो ओलसर राहतो आणि छातीखाली नायटा उठतो. उन्हात, मोकळ्या वाऱ्यावर घाला. माझ्या विद्यार्थिनीच्या घरी आता तिची आईच तो गच्चीवरच्या दोरीवर, स्वतःच्या लुगड्याशेजारी घालते.