सीरियम : बत्तीतला एक भाग



लग्नाची वरात किंवा तमाशाचा फड ज्यांनी गॅसबत्तीच्या उजेडात पाहिला आहे, अशी मंडळी या सभेत पुष्कळ असतील. त्या बत्तीचा मेंटल म्हणजे बोट लागताच विसकटणारी राखेची जाळी. त्या राखेत शंभरातले नव्याण्णव भाग थोरियमचे भस्म आणि अवघा एक भाग सीरियमचे. आम्ही बोलणार आहोत ते या एका भागाविषयी. नुसत्या थोरियमची जाळी ज्योतीत तापते, पण उजेड जवळजवळ देत नाही. बरे, सीरियम फार घातले तरी उजेड मंदावतो. व्हिएन्नाच्या कार्ल आउअरला हे प्रमाण १८९१ साली साधले. १८८५ मधली त्याची पहिली जाळी हिरवट उजेडाची होती. ती चालली नाही.

सीरियमचा शोध १८०३ चा. स्वीडनमधल्या बास्टनेसच्या खाणीतल्या एका जड दगडातून बर्झीलियस व हिसिंगर यांनी, आणि त्याच सुमारास बर्लिनमध्ये क्लाप्रोथने, हे नवे भस्म काढले. दोनच वर्षांपूर्वी सापडलेल्या सीरीझ या लघुग्रहाचे नाव त्याला मिळाले. प्रत्यक्ष धातू हाती यायला मात्र १८७५ उजाडले.

या कुळाला 'विरल मृत्तिका' म्हणतात, ते नाव फसवे आहे. भूकवचात सीरियम जवळजवळ तांब्याइतके आहे. अडचण आहे ती निवडण्याची. ही भावंडे रासायनिक स्वभावाने इतकी सारखी, की एकाला धरावे तर चार बरोबर येतात. त्यांची संयुजा बहुधा तीन. सीरियमची चारही होते, म्हणून ते त्यातल्या त्यात लवकर सुटे होते. धातू राखी रंगाचा, चाकूने कापण्याइतका मऊ, आणि खरवडला तर पेट घेणारा. सिगारेट-लायटरमधला ठिणगीचा खडा म्हणजे लोखंड घातलेले सीरियमचे मिश्रण. तीही आउअरचीच करामत, १९०३ ची!

आता आपल्या घरची गोष्ट. १९०९ साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन गृहस्थाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसले. थोरियम आणि सीरियम दोन्ही त्यात. काथ्या झटकून टाकावयाचा, ती वाळू! मग वाळूच जहाजांनी युरोपला जाऊ लागली, आणि मेंटल विकत घेणाऱ्यांत आपण होतो. वाळूचा भाव आणि मेंटलचा भाव यांतला फरक ज्याच्या पदरात पडला, तो किनाऱ्यावर वाळू उपसणारा नव्हे. १९५० साली 'इंडियन रेअर अर्थ्स' ही कंपनी निघाली, १९५२ मध्ये अलवायेचा कारखाना सुरू झाला, आणि वाळू इथेच फोडली जाऊ लागली.

गॅसबत्ती मागे पडली. सीरियम आता काचेला झिलई देते आणि मोटारीच्या धुरातले विष कमी करते. त्याच वाळूत त्याचे भावंड निओडिमियमही आहे. त्याची जबर चुंबके विजेच्या मोटारींना लागतात, आणि ती आपल्याकडे बहुतांशी चीनहून येतात.