रानाची राखण कुणाकडे?



बावड्यात उभे राहिले की चहूकडे ऊस दिसतो, केळीच्या बागा दिसतात, नीरेचे पात्र दिसते आणि पलीकडे सोलापूर जिल्हा. जंगल कुठेच दिसत नाही. तरीही जंगलाचा विषय या संमेलनाच्या मांडवात निघायला हवा, कारण इथले पाणी जंगलातून येते. नीरा भोरच्या सह्याद्रीत उगम पावते, भीमा भीमाशंकरच्या रानात, आणि दोघींचा संगम होतो तो याच इंदापूर तालुक्यात, नीरा नरसिंहपूरला. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. तेव्हापासून कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याला आवर्तन किती दिवस लांबले, हे तोंडपाठ असते. धरणात किती टीएमसी साठा आहे, हेही तो सांगतो. धरणाच्या वरचे रान मात्र त्याच्या हिशेबात धरलेले नसते.

ते रान आजवर राखले कुणी? सत्तरच्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळत फिरले, तेव्हा त्यांना आढळले की भोवतालचे डोंगर उघडे पडले असतानाही देवाच्या नावाने सोडलेली राई जुन्या महावृक्षांनिशी उभी आहे. तिथे ना कुंपण होते, ना पहारेकरी. कोकणात श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावाच्या राईवर तोडीच्या खुणा पडल्या, तेव्हा गावकऱ्यांनी या दोघांना पत्र धाडले. गावाला पाणी देणारा ओढा त्या राईतून येत होता, आणि झाडे गेली की ओढाही जाणार, हे गावाला पक्के ठाऊक होते. राई वाचली.

गाव आहे म्हणजे रान सुरक्षित, असेही नाही. पानशेतच्या खोऱ्यात धरणाबरोबर रस्ता आला आणि रस्त्याबरोबर कोळशाचे ठेकेदार. झाडे कवडीमोलाने गेली, देवरायांनाही झळ लागली. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली होती, उद्याचा भरवसा उरला नव्हता, त्यांनी झाड कशाच्या जोरावर धरून ठेवायचे?

उलट चित्र पाहायचे तर जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात जावे. तिथल्या महादेव कोळी कुटुंबांचा आधार म्हणजे हिरडा. आत कोय धरण्याआधीच कोवळे हिरवे फळ झाडावरून उतरवायचे, अंगणात पसरायचे, उन्हात काळे पडून सुरकुतेपर्यंत राखायचे. हा बाळहिरडा. भातखाचरे पावसाची वाट पाहत असतात, घरातले धान्य सरत आलेले असते, तेव्हा या पोत्यांतूनच पावसाळ्याचा बाजार भरला जातो. म्हणून तिथे बांधावरच्या हिरड्याला कुऱ्हाड लावताना माणूस दहादा विचार करतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने हा पट्टा झोडपला आणि हिरडा मोठ्या प्रमाणात आडवा झाला. भरपाईसाठी या लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. द्राक्षबाग पडली की पंचनाम्याला माणूस येतो. रानातले झाड पडले की ते पीक आहे का, इथपासून वाद सुरू होतो. हा भेद अन्यायाचा आहे.

कायद्याने दार उघडले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क मिळू शकतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर तो मिळवला. तिथे ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. एक जण अडला तरी चर्चा पुढे चालू राहते. बांबू विकण्याचा परवाना हाती यायला मात्र २०११ उजाडले, कारण हक्काचा कागद देऊनही वनखात्याला वाहतूक पासाची वही सोडवत नव्हती. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरांत हीच लढाई झाली. कागद कंपनीला १९५६ साली दिलेला पंचवीस वर्षांचा तोडीचा परवाना पुढे वाढवण्याचा बेत गावांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हाणून पाडला. आज त्यांतली काही गावे स्वतःची लाकूड गिरणी चालवतात.

गावाला विचारण्याची हीच गोष्ट माधव गाडगीळांच्या समितीनेही मांडली. तिचा पश्चिम घाट अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला. संवेदनशील क्षेत्राच्या सीमा आणि नियम ग्रामसभांना विचारून पक्के करावेत, असे त्यात होते. अहवाल लोकांपुढे आला तो २०१२ च्या मे महिन्यात, कोर्टकचेरीनंतर. तोवर ‘घर बांधता येणार नाही, गुरे चारता येणार नाहीत’ अशी आवई घाटमाथ्यावर पसरली होती. मराठी लेखणीचे काम इथे होते. सोप्या मराठीत तो मजकूर गावोगाव आधी पोचला असता, तर आवईला इतके पाय फुटले नसते.

गावाने रान राखणे इंदापूरला परके नाही. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा टिकला तो गावाच्या साथीने, आणि आता वनखात्याच्या गवताळ सफारीत गावचीच मुले वाटाडे आहेत. माळ राखून घरात चार पैसे येतात, हे त्यांनी पाहिले आहे.

म्हणून या संमेलनाने एक ठराव करावा. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि भोरमध्ये सामूहिक वनहक्काचे जे दावे पडून असतील, ते मुदत घालून निकाली काढावेत. बाळहिरड्याचा भाव हंगामाआधी जाहीर व्हावा. आणि नीरा-भीमेच्या पाण्यावर गाळप करणाऱ्या साखर कारखान्यांनी आपल्या वार्षिक सभेत उगमाकडच्या गावांचा एक प्रतिनिधी बोलावून त्याचे ऐकावे. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि प्रत्येक कारखान्याच्या अध्यक्षांना याच आठवड्यात जावी.