बंदीनंतरची पहिली नमाज



मदर तेरेसा आपल्याला कोलकात्याच्या म्हणून माहीत. त्यांचे कुटुंब मात्र अल्बानियन. त्यांची आई १९७२ मध्ये तिरानात वारली. कम्युनिस्ट राजवटीमुळे मायलेकींची अखेरची भेटसुद्धा झाली नाही.

मुस्लिमबहुल अल्बानियात एन्व्हर होजाच्या सरकारने १९६७ मध्ये दोन हजारांहून जास्त मशिदी, चर्च आणि खानकाह बंद केले. श्कोडर शहरातल्या कॅथेड्रलचे तर क्रीडागृह झाले. धर्म पाळणे हा गुन्हा ठरला. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचे तर तेवीस वर्षे बॅकअपच घेतला गेला नाही. जे उरले ते आजी-आजोबांच्या डोक्यात.

नोव्हेंबर १९९० मध्ये, सरकार अजून कम्युनिस्टांचेच असताना, याच श्कोडरच्या कब्रस्तानात फादर सिमोन युबानी यांनी उघडपणे मिस्सा म्हटली. हा माणूस सव्वीस वर्षे तुरुंगात काढून आलेला. मिस्सेला मुसलमान शेजारीही आले. १६ नोव्हेंबरला शहरातली शिशाची मशीद उघडली. नमाज पढवली हाफिज साबरी कोची यांनी. तेही सुमारे वीस वर्षे कैदेत होते. त्या दिवशी कॅथलिक लोक मशिदीत आले. विचार करा, गोळी लागण्याची भीती असताना शेजाऱ्याच्या इबादतीला कोण जातो?

पुढची गोष्ट इतकी सरळ नाही. पैसा आला आखातातून, तुर्कस्तानातून, इटलीतून, अमेरिकेतून. इमारती भराभर उभ्या राहिल्या, पण शिकवणारे कुठे होते? आलिम म्हातारे झाले होते, कित्येक तुरुंगातच गेले. मग तरुण परदेशात शिकून आले आणि गावातल्या जुन्या हनफी रिवाजांशी त्यांचे खटके उडाले. मला यात तरुणांचा दोष कमी वाटतो. ज्याला घरात उत्तर मिळत नाही, तो बाहेर विचारणारच. आपली मुले आज यूट्यूबला विचारतात, तसेच हे.

आपल्याकडे कुणी कुलूप लावलेले नाही. ताजबागेत उर्साला सगळे नागपूर येते. पण इथे बसलेल्यांपैकी किती जण सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलच्या आत गेले आहेत? हात वर करा. आणि आपल्या मोहल्ल्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मौलवींना कुणी बसून काही विचारले आहे? येत्या रविवारी मोमिनपुऱ्यातून सुरुवात करू. वही घेऊन या.