मूत्रपिंडाचे चित्र आणि तराजूचा पासंग



तराजूला पासंग असल्याचा संशय आला, तर माल एकदा डाव्या व एकदा उजव्या पारड्यात तोलावा. खरे वजन दोहोंच्या मध्ये सापडते. महाड-पोलादपूरच्या बाजारात हे कोणास शिकवावे लागत नाही. मूत्रपिंडाचे एम.आर.आय. चित्र सरळ करण्याची एक रीत हीच आहे.

ऊतीतील पाणी किती मोकळेपणी सरकते, हे ‘डिफ्यूजन’ चित्र दाखविते. त्यासाठी नसेतून औषध टोचावे लागत नाही. मूत्रपिंडे दुबळी झालेल्यांना हे मोलाचे. कारण गॅडोलिनियमयुक्त काही द्रव्ये अशा रुग्णांना अपायकारक ठरतात, हे २००६ पासून ज्ञात आहे.

परंतु पीटर मॅन्सफिल्ड यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या ज्या शीघ्र पद्धतीने हे चित्र बहुधा घेतात, तिला आतड्यांतील वायूमुळे चुंबकक्षेत्रात पडणारा अल्प फरकही सोसत नाही. मूत्रपिंडाची कड कोठे ताणली जाते, कोठे दबते. १.५ ऐवजी ३ टेस्लाचे यंत्र असल्यास हा दोष सुमारे दुप्पट होतो. मोठे यंत्र म्हणजे चांगले चित्र, असे सरसकट नाही. म्हणून तेच चित्र उलट दिशेने पुन्हा घेतात. ताणाच्या जागी दाब येतो आणि संगणक मधली खरी जागा काढतो.

मेंदू कवटीत स्थिर असतो, मूत्रपिंड श्वासासरशी वरखाली होते. दोन चित्रांमध्ये श्वास बदलला, तर पासंग निघण्याऐवजी नवी चूक शिरते. पोलादपूरच्या वाडीवरून मुंबईस गेलेल्या वृद्धास ‘श्वास रोखा’ ही सूचना परक्या भाषेत मिळाली, तर तो गोंधळणारच. तंत्रज्ञाने ती मराठीत सांगून आधी सराव करून घ्यावा. गावच्या शिक्षकानेही रुग्ण निघण्यापूर्वी ती समजावून द्यावी.