तलावाची लागवड आणि ढिवरांचे शहाणपण



संस्थेने आम्हाला पर्यावरणावर बोलावयास सांगितले. विषय फार मोठा आणि आम्ही पडलो बँकेतील कारकून, तेही कला शाखेचे पदवीधर. तेव्हा साऱ्या पृथ्वीची चिंता आज बाजूला ठेवून पूर्व विदर्भातील तलावांविषयीच बोलतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांवर जुने मालगुजारी तलाव आहेत. त्यांपैकी पुष्कळ तलाव गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या कसबी शेतकऱ्यांनी बांधले. धानाला पाणी, गुरांना पाणी आणि ढिवर समाजाला मासळी, असा तो संसार होता. १९५१ साली मालगुजारी गेली. ती गेली हे उत्तमच झाले. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. परंतु तलाव सरकारजमा झाले आणि पाळीची डागडुजी, गाळाचा उपसा ही गावाची कामे कोणाचीच राहिली नाहीत.

पुढे मासळीचे उत्पादन वाढावे म्हणून बाहेरचे मत्स्यबीज तलावांत सोडण्यात आले. रोहू, कटला आले. त्यांच्याबरोबर गवत्या आणि सायप्रिनस हे परदेशी मासेही आले. गवत्या पाण्यातील वनस्पती फस्त करतो. सायप्रिनस तळाचा चिखल उकरून मुळे उपटतो व पाणी गढूळ करतो. गढूळ पाण्यात ऊन पोहोचत नाही, मग उरलेले गवतही मरते. मरळ, शिंगी, मागूर यांसारख्या स्थानिक माशांचा निवारा त्या गवतातच असतो. तो गेला तसे मासेही घटले. काठावर बेशरम माजली. तिच्या फांदीचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी मूळ धरतो, आणि गुरे तिला तोंड लावीत नाहीत. नाव ठेवणाऱ्याने अचूक ठेवले आहे!

येथे आमच्या धंद्यातील एक गोष्ट सांगतो. तलावाचा ठेका आणि त्यावरील कर्ज यांच्या कागदांवर क्षेत्र असते, ठेक्याची रक्कम असते, बीज किती सोडले तेही असते. पाण्याखाली काय उगवते यासाठी रकाना आम्ही कधी पाहिला नाही. ज्याला रकाना नाही त्याची काळजी कोणतेही कार्यालय घेत नाही, हा आमचा नोकरीतील अनुभव आहे.

ती काळजी घेतली ती ढिवरांनी. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव परिसरात मनीष राजनकर या अभ्यासकाने मासेमारांकडून तलावविद्या शिकून घेतली. पतिराम तुमसरे हे स्वतः ढिवर समाजातील जाणकार. कोणत्या गवतात कोणता मासा अंडी घालतो, कोणत्या कंदावर कोणता पक्षी येतो, हे या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. कोणी विचारले नव्हते एवढेच. या ज्ञानाच्या आधारे काम सुरू झाले. उन्हाळ्यात पाणी आटले की बेशरम मुळासकट खणून काढावयाची. उघड्या पडलेल्या तळाची नांगरणी करावयाची. पाऊस सुरू झाला की चांगल्या स्थितीतील तलावांतून हायड्रिलासारख्या पाणवनस्पती मुळांसह आणून चिखलात लावावयाच्या, अगदी धानाच्या रोवणीसारख्या. रोवणी ज्यांच्या हाडीमासी मुरली आहे त्यांना हे शिकवावे लागले नाही. अवघड काम पुढचेच होते. लावलेल्या जागी जाळे टाकावयाचे नाही आणि गवत्या सोडावयाचा नाही, हे मासेमार संस्थेने आपण होऊन ठरवावयाचे! ज्याची चूल त्या मासळीवर पेटते त्याने आजचा घास उद्यासाठी राखून ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे. बाहेरच्या अधिकाऱ्याने फलक लावून हे साधले नसते, कारण रात्री जाळे कोण टाकतो हे पाहावयास अधिकारी तलावावर नसतो, शेजारी असतो. वनस्पती जगल्या त्या तलावांत देशी मासे व पक्षी पुन्हा दिसू लागले.

तरीही अर्धे गाव बाहेरच राहत होते. संस्थांचे सभासद बहुतेक पुरुष. मासळी बाजारात नेऊन विकणाऱ्या, काठावरची भाजी खुडणाऱ्या स्त्रियांना बैठकीत जागा नव्हती. निमगावच्या शालू कोल्हे यांनी ढिवर स्त्रियांना संघटित करून ग्रामसभेत व तलावाच्या कामात आणले. आमच्या मते वनस्पती लावण्याइतकेच हे काम मोलाचे आहे.

महाडच्या चवदार तळ्याचे उदाहरण आपणांस वेगळे सांगावयास नको. तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव कागदावर होताच. २० मार्च १९२७ रोजी पाण्याला हात लागला तेव्हा त्याला अर्थ आला. ढिवरांचा प्रश्न तोच नाही, हे आम्ही जाणतो. पण तलाव सार्वजनिक म्हणावयाचा आणि त्याविषयी निर्णय घेताना काठावरच्या माणसाला वगळावयाचे, ही खोड जुनीच आहे.

आता आपल्याकडील वृक्षारोपणाविषयी. पाहुणे येतात, खड्डा आधीच खणलेला असतो, छायाचित्र निघते. उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे कोणी विचारीत नाही. गाळ काढण्याच्या मोहिमांतही यंत्र तळ सपाट खरवडते, आणि मातीतले बी व कंद गाळाबरोबर शेतात जाऊन पडतात. खोली वाढते, तलाव मात्र उघडाबोडका राहतो.

विद्यार्थ्यांनी यंदाच्या उन्हाळ्यात एक काम करावे, अशी आमची सूचना आहे. आपल्या गावच्या तलावावर जाऊन मासे धरणारे, गुरे चारणारे आणि कपडे धुणाऱ्या बायका यांना पूर्वी येथे काय काय उगवत असे ते विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावे. वनस्पतींची शास्त्रीय नावे महाविद्यालयातील शिक्षक नंतर सांगतील. ती वही संस्थेच्या कार्यालयात ठेवू, आणि ग्रामसभेत तलावाचा विषय निघेल त्या दिवशी ती तेथे नेऊन ज्यांनी माहिती सांगितली त्यांनाच बोलावयास उभे करू.