गिअर कुणाचा?

(तालुका पातळीवरील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळी चहाच्या वेळी मी बाहेर लिंबाखाली उभी होते. तिथे आपल्या दहा-बारा जणींची गाड्यांवरून चर्चा रंगली होती. कुणाची गाडी किती ॲव्हरेज देते, कुणाची सकाळी स्टार्टर मारून चालू होत नाही, कुणाची चढावर दम टाकते, असं सगळं. ऐकायला फार छान वाटलं. माझ्या आईच्या वयाच्या बायका एकत्र जमल्या तर गाडीवर बोलत नसत.

पण एक गोष्ट कानाला लागली. स्कूटीचा, ॲक्टिव्हाचा विषय निघाला की आपण म्हणत होतो, ‘माझी गाडी’. मोटारसायकलचा विषय निघाला की म्हणत होतो, ‘ह्यांची गाडी’, ‘दादाची गाडी’. पेट्रोलचे पैसे घरखर्चातून जातात, हप्ता दोघांच्या कमाईतून फिटतो, पण गिअरची गाडी ‘ह्यांची’. आज मला ह्याच विषयावर बोलायचं आहे.

आधी स्कूटरचं ऋण मानू या. पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लुना १९७२ साली आली. पन्नास सीसीचं छोटं इंजिन, पायडल मारून चालू होणारी. शिक्षिका, नर्सबाई, बँकेतल्या कारकून बायका तिच्यावर बसून कामावर जाऊ लागल्या. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की चालू, किक मारायला नको, गिअर बदलायला नको. २००१ मध्ये ॲक्टिव्हा आली. ह्या गाड्यांनी शहरातल्या आणि तालुक्याच्या गावातल्या बाईला पाय दिले. कुणी सोडायला येईल म्हणून वाट बघणं कमी झालं. हे लहान काम नाही.

मात्र त्याच वेळी एक वाटणीही झाली. बिनगिअरची ती बायकांची, गिअरची ती पुरुषांची. ही वाटणी कशावर उभी आहे? म्हणतात, मोटारसायकल जड असते, बाईला झेपत नाही. मग आकडे बघा. खेड्यापाड्यात सर्वांत जास्त दिसते ती स्प्लेंडर. तिचं वजन सुमारे ११२ किलो. ॲक्टिव्हाचं वजन सुमारे १०६ किलो. फरक पाच-सहा किलोंचा, म्हणजे दळणाच्या एका डब्याचा. स्प्लेंडरचं इंजिन ९७ सीसीचं, ॲक्टिव्हाचं त्याहून मोठं, जवळजवळ ११० सीसीचं. म्हणजे बाईच्या हातात दिलेल्या गाडीचं इंजिन पुरुषाच्या गाडीपेक्षा मोठं आहे! दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन चढ चढणाऱ्या बाईला एक क्लच झेपत नाही, हे आपण खरं मानून बसलो आहोत.

आता लायसन्सकडे येते. इथे माझीच चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही.

मी बावीस वर्षांची असताना लायसन्स काढलं. कार्यालयाबाहेर फॉर्म भरून देणाऱ्याने मला वर न बघताच विचारलं, “मॅडम, विदाऊट गिअर ना?” मी मान डोलावली. माझ्याबरोबर रांगेत माझ्याच वयाचा मुलगा होता, त्याला हा प्रश्न विचारलाच नाही. त्याचं ‘विथ गिअर’ गृहीत होतं. पुढे समाजकार्याची पदवी घेतली, एका तालुक्यात काम करू लागले. संस्थेकडे एकच वाहन होतं, मोटारसायकल. सहकाऱ्याने मला मैदानात ती चालवायला शिकवली होती. पण लायसन्सवर तो वर्ग नव्हता, म्हणून रस्त्यावर मी कायम मागे बसायची.

एका रात्री साडेनऊला चौदा किलोमीटरवरच्या गावातून आशाताईचा फोन आला. एका बाईला नवऱ्याने लहान मुलासकट घराबाहेर काढलं होतं, ती एस. टी. च्या थांब्यावर बसली होती. सहकारी गावी गेला होता. गाडी दारात, किल्ली खिळ्याला. नियम मोडून निघावं तर अपघात झाला की संस्था अडचणीत. मी जीप शोधत बसले. जीप मिळून पोचेपर्यंत दीड तास गेला. थांब्यावर आशाताई एकटीच होती. ती बाई परत घरात गेली होती. “कुणी येत नाही असं तिला वाटलं,” एवढंच आशाताई म्हणाली. पुढच्याच आठवड्यात मी गिअरसाठी अर्ज केला.

म्हणून कायदा नीट समजून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यात दुचाकीचे दोन वर्ग आहेत, बिनगिअरची आणि गिअरची. कलम ९ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की जी व्यक्ती गिअरच्या मोटारसायकलवर परीक्षा पास होते, ती बिनगिअरच्या परीक्षेतही पास झाली असं धरलं जातं. उलट मात्र होत नाही. बिनगिअरचं लायसन्स घेऊन गिअरची गाडी चालवता येत नाही. म्हणजे एकाच खेपेत, एकाच रांगेत उभं राहून दोन्ही दारं उघडतात. आपण मात्र अर्धंच दार उघडून घरी येतो, कारण कुणीतरी आपल्या वतीने ठरवलेलं असतं.

ज्यांनी आधीच बिनगिअरचं काढलं आहे त्यांनी हळहळू नये. असलेल्या लायसन्सवर नवा वर्ग वाढवून घेता येतो. त्यासाठी त्या वर्गाचं शिकाऊ लायसन्स काढावं लागतं. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्की परीक्षा देता येते. त्या काळात गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ लावायचा आणि मागे बसवायचं ते फक्त शिकवणाऱ्या लायसन्सधारकाला. नवखी असताना शेजारणीला डबलसीट घ्यायचं नाही.

पक्क्या परीक्षेत बहुतेक ठिकाणी आठचा आकडा काढायला लावतात आणि पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, असं सांगतात. त्याची भीती बाळगू नका. पहिल्या गिअरमध्ये राहा. क्लच पूर्ण सोडू नका, अर्धा धरून ठेवा आणि मागचा ब्रेक पायाने हलका दाबत राहा. नजर चाकाकडे नको, जिथे वळायचं आहे तिथे हवी. खळ्यावर किंवा शाळेच्या मैदानात दोन दगड ठेवून आठ दिवस सराव केला की जमतं. मी पहिल्या वेळी नापास झाले. माझ्यापुढचे दोन मुलगेही नापास झाले. ते हसत चहा प्यायला गेले आणि मला मात्र “बायकांना नाही जमत” हे ऐकावं लागलं. मुलगा नापास झाला तर तो एकटा नापास होतो, बाई नापास झाली तर समस्त बायका नापास होतात. हे ओझं परीक्षेला जाताना घरी ठेवून जा.

साडीचं काय, असं सकाळी एकीने विचारलं. प्रश्न खरा आहे. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला अर्ध्यापर्यंत झाकणारी जाळी असावी, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत, असा केंद्रीय नियम आहे. आपण तिला साडी गार्ड म्हणतो. म्हणजे साडीचा विचार झाला, पण मागच्या सीटपुरता. एका बाजूला पाय सोडून, एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात पिशवी धरून बसणं हे सुरक्षित नाही, तरी ते ‘शोभतं’. सलवार घालून पुढे बसणं सुरक्षित आहे, तर त्याची गावभर चर्चा. आणि हेल्मेट दोघांनाही सक्तीचं आहे. बाईचं डोकं वेगळ्या हाडाचं नसतं.

आता सर्वांत दुखरा मुद्दा. आपल्या भागात लग्न ठरताना मोटारसायकल मागितली जाते. बाप कर्ज काढून देतो. गाडी जावयाच्या नावावर होते आणि ज्या मुलीसाठी ती दिली, ती आयुष्यभर मागे बसते. उद्या तिला घराबाहेर काढलं तर ती चालत माहेरी येते. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने असं देणं-घेणं गुन्हा आहे. आणि त्याच कायद्याचं कलम ६ सांगतं की हुंडा म्हणून दुसऱ्या कुणी घेतलेली वस्तू तीन महिन्यांत त्या स्त्रीच्या ताब्यात द्यायला हवी. आपल्याकडे अशी प्रकरणं आली की भांड्यांची आणि दागिन्यांची यादी होते. गाडीचंही नाव त्या यादीत लिहा.

नावाचा आणखी एक धोका आहे. काही घरांत कर्जाच्या सोयीसाठी गाडी बायकोच्या नावावर घेतात आणि चालवतो बिनलायसन्सचा दीर किंवा अल्पवयीन मुलगा. बिनलायसन्सच्या माणसाला गाडी दिली तर मालकही गुन्हेगार ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हा दंड पाच हजारांचा आहे, आणि मुलगा अल्पवयीन असेल तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अपघातात कुणी दगावलं तर विमा कंपनी भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात सांगितलं आहे. मालकीण म्हणून फक्त नोटीस आपल्या नावावर येते, असं होऊ देऊ नका. उलट, पंधरा लाखांचा जो मालक-चालक अपघात विमा असतो तो नोंदलेल्या मालकालाच, आणि तेही योग्य लायसन्स असेल तरच मिळतो. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि चालवताना बाई दगावली, तर त्या विम्यातून तिच्या मुलांना काही मिळत नाही. तेव्हा दोन कागद रोज भाकरीइतके जवळ ठेवा: गाडीचं नोंदणीपत्र आणि स्वतःचं लायसन्स.

हल्ली ‘लायसन्स नको, नोंदणी नको’ म्हणून बॅटरीच्या छोट्या गाड्या बायकांना विकल्या जातात. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतल्या, पाव किलोवॉटहून कमी ताकदीच्या गाड्यांना ही सूट खरोखर आहे. बाजारहाटाला त्या ठीक. पण त्यापेक्षा जास्त पळणारी गाडी दाखवून दुकानदार तेच सांगत असेल, तर तो तुम्हाला फसवतो आहे.

तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीबरोबर बायकांनी सायकल शिकण्याची मोहीम झाली. शेतमजूर बाया, खाणकामगार बाया हजारोंनी सायकल शिकल्या. टिंगल झाली, नावं ठेवली गेली. पण अक्षर आणि चाक ह्या दोन्हींचा संबंध स्वातंत्र्याशी आहे हे तिथल्या कार्यकर्त्यांनी ओळखलं होतं. आपण त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल टाकायचं आहे.

शिबिर संपण्याआधी तीन गोष्टी ठरवू या. एक, प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या किती जणींकडे लायसन्स आहे, कोणत्या वर्गाचं आहे आणि गाडी कुणाच्या नावावर आहे, ह्याची यादी करावी. दोन, ज्यांना गिअरची गाडी येते त्यांनी दर रविवारी मैदानात दोघींना शिकवावं. दादा शिकवील, नवरा शिकवील म्हणून थांबू नये. तीन, परीक्षेला पाच-सहा जणींनी मिळून जावं, फॉर्म स्वतः भरावा, आणि कुणी “विदाऊट गिअर ना?” विचारलं तर मोठ्याने सांगावं, “नाही, विथ गिअर.”

बाहेर माझी मोटारसायकल उभी आहे. दुपारच्या जेवणानंतर मैदान मोकळं आहे. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी यावं.